भंगार-म्हातारीचा कोट

३ फेब्रुवारी

ठके,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल. फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. इतकी वर्षं शिलाई मशिनांच्या खडखडाटात बसून माझे कान पार कामातून गेलेत. फोनवर तू जे बोलतेस ते मला नुसतं घूं घूं ऐकू येतं आणि मी भलत्याच ठिकाणी 'हो हो' म्हणते. मागच्या वेळी तू ताप आलाय म्हणालीस आणि मी म्हटलं, 'छान, छान!' त्यापेक्षा कागद बरा.

दोन बातम्या आहेत. पहिली म्हणजे मी या महिनाअखेर काम सोडतेय. हॉटेलच्या कापडखोलीत आता डोळेही साथ देईनात. काळ्या कापडावर काळा दोरा आला की सगळा अंदाजपंचे कारभार. आमच्या खोलीवर देखरेख करणाऱ्या मोठ्या बाई म्हणाल्या, शेवटच्या दिवशी चहापाणी करू, घरचं कुणी असेल तर बोलवा. घरचं म्हणजे तूच. यायचं आहे. सबबी चालणार नाहीत.

दुसरी बातमी ऐकून उडशील. आमच्या इस्त्रीवालीची मुलगी कॉलेजात जाते, तिनं काल मला फोनवर एक चित्र दाखवलं. कुठल्याशा गेममधली एक बाई उभी आहे आणि तिच्या अंगात माझा कोट! मी डोळे चोळून पाहिलं. जुने गणवेश फाडून फडकी करतात त्यातले बरे तुकडे वेचून मी तो शिवलाय, हे तुला माहीत आहेच. पाठ दरवानाच्या लाल कापडाची, बाह्या सामान उचलणाऱ्यांच्या करड्या, एक खिसा आचाऱ्याच्या चौकटीचा, एक माळ्याच्या हिरव्याचा. असा कोट जगात दुसरा असणं शक्य नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेममधल्या माणसांना कपडे करते असं तूच मला एकदा सांगितलं होतंस. मी तिथल्या तिथं सगळ्यांना सांगून टाकलं की हे माझ्या भाचीचं काम. आज दिवसभर मी शिवलं कमी आणि मिरवलं जास्त.

एकच चूक केलीस. दोन्ही खिसे चौकटीचे काढलेस. डावा हिरवा आहे गं. कधी नीट बघितला नाहीस का?

तुझी,
आत्या

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी खरंच उडाले. हो, मीच केलाय तो. तुझ्यापर्यंत पोचेल असं कधी वाटलं नव्हतं.

तुला समजेल असं सांगते. या गेममध्ये प्रत्येक खेळणाऱ्याचं एक माणूस असतं. ते घेऊन लांबलांबचे लोक एकाच मैदानात हिंडतात, मारामाऱ्या करतात. कंपनीनं दिलेले कपडे सगळ्यांना सारखेच, म्हणून माझ्यासारखे हौशी लोक घरी बसून वेगळे पोशाख तयार करतात आणि हवे त्याला असेच देऊन टाकतात. त्याला मॉड म्हणतात. आधी कापड सपाट रंगवायचं, मग ते माणसाच्या आतल्या सांगाड्याला हाडाहाडाशी बांधायचं. नीट बांधलं तर माणूस वाकल्यावर कोटही वाकतो, नाहीतर गुडघा कोट फाडून बाहेर येतो. माझ्या पहिल्या पहिल्या पोशाखांत सगळ्यांचेच गुडघे बाहेर होते.

खिशांचं म्हणशील तर ती आमची काम वाचवायची युक्ती. अर्धाच कोट रंगवायचा आणि तोच उलटून दुसऱ्या बाजूला लावायचा. मी उजवी बाजू रंगवली, म्हणून डावीकडेही चौकटी आल्या. माझ्या पदवीच्या दिवशीचा तुझा फोटो समोर ठेवून केला होता. तुझी आठवण म्हणून.

लोकांना तो खूप आवडला, इतकं मात्र खरं. पण तू तो गेम बघत बसू नकोस हं. सारखी हाणामारी असते, तुझं डोकं दुखेल. ते चित्र पाहिलंस तेवढं पुरे.

निरोपाला मी नक्की येते.

तुझी,
ठकी

१४ फेब्रुवारी

ठके,

तुझी युक्ती कळली. आम्हीही कापड दुमडूनच कापतो, एका कात्रीत दोन्ही बाजू. पण कपडा अंगावर चढवला की कळतं, कुणाच्याच दोन बाजू सारख्या नसतात. माझा डावा खांदा उतरलाय, म्हणून त्या कोटात मी तिथं आतून जाड पट्टी घातलीय. म्हणजे तू अर्धी आत्या काढलीस आणि उरलेली दुमडून घेतलीस म्हण की! असो, तुझ्या कामात मी नाक खुपसत नाही.

माझी आठवण म्हणून केलास हे वाचून मात्र मी थोडा वेळ मशीन बंद ठेवलं. इस्त्रीवालीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, दोरा तुटला.

इथं सगळ्यांनी धोशा लावलाय की तो कोट चालताना बघायचा. इस्त्रीवालीची मुलगी १९ तारखेला जेवणाच्या सुट्टीत येणार आहे. कामगारांच्या जेवणघरात भिंतीवर मोठा टीव्ही आहे, त्याला फोन जोडता येतो म्हणे. मोठ्या बाईसुद्धा येते म्हणाल्यात. त्या आजवर माझ्याशी उसवलेल्या पडद्यांपलीकडं काही बोलल्या नव्हत्या. हाणामारीचं म्हणशील तर मी डोळे मिटून घेईन. आणि हो, निरोपाच्या दिवशी मी तोच कोट घालून येणार, म्हणजे खरा आणि तुझा, दोन्ही लोकांना ताडून बघता येतील.

त्या बाईला नाव काय दिलंयस ते कळव. मुलगी सांगता सांगता अडखळली, मला काही ऐकू आलं नाही.

आत्या

१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

घाईत लिहितेय. कृपा करून ते टीव्हीवर बघू नका. तो गेम बिघडलाय, बंद होणार आहे, त्यातलं काहीच धड दिसत नाही. मी तो कोट काढून टाकतेय आणि दुसरा चांगला करतेय, दोन वेगळ्या खिशांचा. तो झाला की मी स्वतः येऊन दाखवेन. तोवर थांब. इस्त्रीवालीच्या मुलीलाही सांग.

मी दोनदा फोन केला होता. तू 'हो हो, छान' म्हणालीस.

ठकी

१९ फेब्रुवारी

ठकीस,

तुझं पत्र संध्याकाळी मिळालं. आम्ही दुपारी बघितलं.

मला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. माळी हात पुसत पुसत आला, मोठ्या बाई चहाचा कप घेऊन आल्या. आधी पडद्यावर नाव आलं. भंगार-म्हातारी. मी म्हटलं, असेल, गेमच तो. मग ती चालायला लागली. डावा खांदा पाडून, पाय ओढत. मुलीनं कुठलंसं बटण दाबलं तशी ती खोकली, वाकली, जमिनीवरून काहीतरी उचलून तिनं खिशात कोंबलं आणि इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. आणखीही बऱ्याच भंगार-म्हाताऱ्या होत्या तिथं, सगळ्या तोच कोट घालून एकमेकींना लाथा घालत होत्या.

चादरींच्या घड्या घालणारी आमची घडीवाली फस्सकन हसली. तिचा दोष नाही, इतकी ती हुबेहूब मी होते. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि कुणीच हसेना. ते जास्त वाईट होतं. मोठ्या बाई कप तसाच ठेवून, काम आहे म्हणून निघून गेल्या.

मी का वाकते ते तुला माहीत आहे, ठके. चादरीत टाचणी राहिली तर पाहुण्याच्या पाठीत जाते, म्हणून जमिनीवर दिसली की उचलायची आणि खिशाला टोचायची. तुला सुट्टीत मी कापडखोलीत आणायचे तेव्हा माझ्या पायाशी बसून तूही उचलायचीस. हात नको लावू म्हटलं की रडायचीस.

इस्त्रीवालीनं विचारलं, 'हे तुमच्या भाचीनं केलं?' मी म्हटलं, 'छे! माझी गफलत झाली. तिनं केलाय तो कोट वेगळाच, कालच तिचं पत्र आलं. हे कुणा मेल्यानं फोटो चोरून केलंय. माझी भाची असलं करायची नाही.' सगळ्यांनी लगेच मानलं. मी इथं कधी खोटं बोलले नव्हते, त्याचा हा उपयोग झाला.

आता मला एवढंच सांग, का केलंस?

आत्या

२२ फेब्रुवारी

आत्या,

चार वेळा लिहून फाडलं. आता जे येईल ते पाठवते.

गेल्या वर्षी माझ्या पदवीच्या कार्यक्रमाला तू तो कोट घालून आलीस. सगळ्यांच्या घरचे कसे इस्त्रीच्या, एकरंगी कपड्यांत आले होते. माझ्या मैत्रिणींनी विचारलं, 'या कोण गं?' आणि मी म्हटलं, 'आमच्याकडे कामाला येतात.' तू शेजारीच उभी होतीस. तुला ऐकू येत नाही याचं मला त्या वेळी बरं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच किळस येतेय.

नंतर त्याच मैत्रिणींबरोबर एकदा खेळत होते. एक म्हणाली, 'ती गोधडीवाली आठवते का?' मला भीती वाटली की कुणाला तरी कळेल तू माझी कोण आहेस. म्हणून मीच सगळ्यांच्या आधी हसले. बसल्या बैठकीला तो कोट केला. त्या हसल्या, मग मी खांदा पाडला. आणखी हसल्या, मग पाय ओढायला लावला. ते वाकून उचलणं सगळ्यात शेवटी घातलं. ते करताना माझा हात थांबला होता, आत्या. मला माहीत होतं ती टाचणी आहे. तरी घातलं.

मी माझ्याकडचा तो मॉड काढून टाकलाय, पण त्याचा उपयोग नाही. ज्यांनी घेतला त्यांनी पुढं वाटला. काल एका अनोळखी माणसानं मलाच तो घ्या म्हणून पाठवला.

मी नवा करतेय. तुझ्यासारखा, ताठ चालणारा, दोन्ही खिसे बरोबर, खाली तुझं नाव. तो जुन्यापेक्षा जास्त लोकांनी घालावा म्हणून वाटेल ते करेन. आणि निरोपाला येऊन सगळ्यांसमोर सांगेन की ते मी केलं होतं. शप्पथ.

ठकी

२५ फेब्रुवारी

ठकीस,

नवा करू नकोस. आधी तू मला हसायला म्हणून लोकांच्या अंगावर चढवलंस, आता मान द्यायला म्हणून चढवणार. मला कुणाच्या अंगावर जायचंच नाही. आणि मी ताठ चालत नाही, तेही खोटंच होईल.

आणखी एक. 'कामाला येतात' हे मला त्याच दिवशी कळलं होतं. कान गेले की माणूस ओठ वाचायला शिकतं. मशिनांच्या आवाजात आम्ही सगळ्या तसंच बोलतो. मी मनात म्हटलं, पोरगी आहे, चार लोकांत लाजली, जाऊ दे. परत येताना बसमध्ये मी कोट काढून मांडीवर घेतला होता. तू विचारलंस, थंडी नाही वाजत? मी म्हटलं, नाही. तेव्हा मी तुझ्यावर रागावले नव्हते. माझीच मला लाज वाटली होती, की दुसरं काही घालायचं आपल्याला सुचलं कसं नाही. तुझ्यावर राग आता आलाय, आणि तो येतोय याचं खरं म्हणजे बरं वाटतंय.

निरोपाला यायचं तर ये. तिथं काय बोलायचं ते तुझं तू ठरव. मी काही सांगणार नाही.

आत्या

२ मार्च

आत्या,

मी आले आणि तू पाहिलंसच.

तू साध्या स्वेटरवर होतीस. घडीवालीनं विचारलं, कोट कुठंय? तू म्हणालीस, आज उकडतंय. खिडकीबाहेर डोंगरावरच्या थंडीत लोक हातमोजे घालून चालले होते.

मी सगळं पाठ करून आले होते. उभं राहायचं आणि म्हणायचं, 'ते मी केलं.' तीन शब्द. पण इस्त्रीवालीनं आल्या आल्या माझा हात धरला आणि म्हणाली, 'तूच का ती! आत्या तुझं किती कौतुक करतात. अगं, तुला ते कॉम्प्युटरचं कळतं ना? मग त्या हरामखोराला शोधून काढ. देवमाणूस आहेत आमच्या बाई, त्यांची अशी टिंगल करतात?' घडीवाली म्हणाली, 'त्याला आई-बहीण नसेल.' सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. तू खुर्चीत बसून माझ्या ओठांकडं बघत होतीस.

आणि मी म्हटलं, 'हो ना, काय एकेक लोक असतात.'

तू मान वळवलीस. मग तूच उठून मला केकचा तुकडा आणून दिलास आणि सगळ्यांना म्हणालीस, पोर लांबून आलीय, तिला खाऊ द्या आधी. मी तो खाल्ला. हळूहळू चावत राहिले, कारण तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

मैत्रिणींसमोर तुला नाकारलं तेव्हा निदान त्या तुला ओळखत नव्हत्या. या वेळी तू मला वाचवायला जे खोटं बोललीस, त्याच्याच आड मी लपले. तू माफ कर असं म्हणायचीही आता लाज वाटते, म्हणून म्हणत नाही.

याच टपालानं मी कापडखोलीच्या पत्त्यावर एक पत्र टाकलंय. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी लगेच ऐकलं असतं.

ठकी

२ मार्च

कापडखोलीतल्या सगळ्यांना,

मी तुमच्या शिलाईवाल्या बाईंची भाची. परवा निरोपाला आले होते, तुमच्यात बसून केक खाल्ला.

गेममधली ती म्हातारी मी केली आहे. फोटो कुणी चोरला नाही, तो माझ्याकडेच होता. खांदा, पाय, वाकून उचलणं, सगळं मला माहीत होतं, कारण मी लहानपणी तुमच्याच खोलीत बसून ते बघितलंय. मी ते मैत्रिणींना हसवायला केलं. तो कोट आणि त्यातली बाई माझी आहे हे लपवायला केलं.

परवा तुम्ही ज्याला शिव्या देत होता ती मी. तुमच्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितेय. तुमच्यातल्या कुणीतरी हे मोठ्यानं वाचा. मशीन बंद करून वाचा.

ठकी

१० मार्च

ठके,

वाचलं त्यांनी. मशीन बंद करून, मोठ्यानं. इस्त्रीवालीनं वाचलं म्हणे.

काल संध्याकाळी ती आणि घडीवाली माझ्या दारात उभ्या. मला वाटलं, आता तुझ्या नावानं बोटं मोडतील. तुझी बाजू कशी घ्यायची ते मी जिन्यावर त्या दिसल्यापासून जुळवत होते. पण त्यांनी तुझं नाव फारसं घेतलंच नाही. इस्त्रीवाली म्हणाली, 'पोरीनं केलं ते केलं. आम्ही तिला चार शब्द सुनावले असते आणि सोडून दिलं असतं. पण बाई, तुम्ही आम्हाला का बनवलंत? इतकी वर्षं एका डब्यात जेवलो आपण. मला तुमच्या भाचीसमोर तिलाच शिव्या घालू दिल्यात आणि बघत बसलात. आम्ही परक्या होतो का?'

मला बसा म्हणायचं सुचलं नाही, चहा विचारायचं सुचलं नाही. त्या उभ्या उभ्याच गेल्या. घडीवाली जिन्यावरून वळून काहीतरी बोलली, पण तिथं अंधार होता, ओठ दिसले नाहीत.

रात्री पडल्या पडल्या विचार केला. मी तुला झाकलं असं मला आपलं वाटत होतं. खरं म्हणजे मी स्वतःला झाकलं. आधी माझी भाची, माझी भाची म्हणून गावभर मिरवले होते ना, मग ते तोंडावर आपटलेलं कुणाला दिसायला नको होतं. निरोपाच्या दिवशी तू गप्प बसलीस तेव्हा मला वाईट वाटलं, आणि आत कुठंतरी, तुला खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. तू बोलली असतीस तर मी खोटारडी ठरले असते. केक मी तुझ्या मायेनं आणून दिला असं तुला वाटलं असेल. तुझं तोंड बंद राहावं म्हणूनही दिला.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो इतक्यात जाणारही नाही, तेवढा मला ठेवू दे.

पण रविवारी ये. त्या दोघी दुपारी इस्त्रीवालीच्या घरी असतात. तू तुझं बोल, मी माझं बोलते. मी आज सकाळीच जाऊन आले असते, निम्म्या रस्त्यापर्यंत गेलेही होते आणि परत फिरले. एकटीनं जायची मला लाज वाटते.

आत्या